कल्पित बँडच्या गाण्यांत विनोद नेमका कुठे असतो?

विनोदी चित्रपटांतील कल्पित रॉक बँडची काही गाणी पुन्हापुन्हा ऐकावीशी वाटतात, तर काही एकदा हसवून कायमची संपतात, असे का होते, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर शब्दांपेक्षा वाजवण्यात अधिक सापडते. मुद्दाम वाईट वाजवून हशा मिळवलेले गाणे लवकर विरते. मात्र मूळ शैली तिच्या सगळ्या खोडींसकट आत्मसात केलेली असेल आणि आपण हास्यास्पद दिसतो आहोत याचा त्या बँडला पत्ताच नसेल, तर गाणे टिकते.

रॉब रायनर यांच्या ‘धिस इज स्पाइनल टॅप’ (१९८४) या कल्पित हेवी मेटल बँडवरच्या चित्रपटात बँडच्या भूमिकेतील ख्रिस्तोफर गेस्ट, मायकेल मॅककीन आणि हॅरी शिअरर यांनी रायनर यांच्यासह गाणी रचली आणि ती स्वतः गायली-वाजवलीही. ‘बिग बॉटम’ हे नितंबांची स्तुती करणारे अचरट गाणे आहे. पण त्यात दोन्ही गिटारवादकही नेहमीची गिटार बाजूला ठेवतात आणि तिघेही बास, म्हणजे खर्ज स्वरांची गिटारच, वाजवतात, त्यामुळे शब्दांतला वात्रटपणा थेट खर्जात उतरतो आणि इंग्रजी न कळणाऱ्यालाही हसू येते. इंग्लंडमधील प्राचीन शिळावर्तुळावरच्या ‘स्टोनहेंज’ या गाण्यामध्ये प्राचीन गूढतेचा आव, घनगंभीर निवेदन आणि मध्येच लोकसंगीताच्या ढंगाचा मँडोलिनचा तुकडा येतो. यांतले काहीच ओढूनताणून आणलेले नाही, कारण सत्तरच्या दशकातील कित्येक बँड हे सारे पूर्ण गांभीर्याने करत होते. अठरा फुटांऐवजी अठरा इंचांची शिळा रंगमंचावर उतरते तो प्रसंग सर्वांना आठवतो, परंतु गाण्याने आधी भव्यतेचा एवढा थाट मांडला नसता, तर तो निव्वळ नेपथ्याचा घोटाळा ठरला असता.

‘द रटल्स’ या बीटल्सच्या विडंबनातील (दूरचित्रवाणीपट, १९७८) नील इन्स यांची गाणी इतकी हुबेहूब उतरली, की बीटल्सच्या गीतांचे हक्क बाळगणाऱ्या कंपनीने दावा केला आणि तडजोडीत इन्स यांना गाण्यांच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) निम्मा वाटा सोडावा लागला. हा मला अन्यायच वाटतो, कारण शैली ही कोणाची मालमत्ता नव्हे.

‘दॅट थिंग यू डू!’ (१९९६) या कल्पित बँडवरच्या चित्रपटाचे शीर्षकगीत अनेक जण अशा विनोदी गाण्यांच्या यादीत घालतात. अॅडम श्लेसिंगर यांची ती चाल उत्तम आहे, पण तिच्यात उपहास जवळजवळ नाही. तिला साठच्या दशकाचे प्रेमळ अनुकरण म्हणणेच रास्त होईल.