भविष्यनिर्वाह निधीतून घराचे कर्ज फेडून नोकरी सोडावी का?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वय ४४, सातपूरच्या एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी, हातात येणारा पगार ५८,००० रुपये. यजमान एका पतसंस्थेत आहेत आणि त्यांचे ३४,००० रुपये येतात. मुलगी यंदा बारावीला आहे, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेली आठ वर्षे त्या रोजच्या जगण्याविषयीच्या नोंदी मराठीतून आपल्या संकेतस्थळावर लिहितात आणि जवळपास वर्षभरापासून रात्री व रविवारी इंग्रजी-मराठी अनुवादाची कामे घेतात. आता मार्चअखेरीस नोकरी सोडून लेखन आणि अनुवाद हेच पूर्णवेळ करावे, असे त्यांच्या मनात आहे. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील १६ लाख ४० हजार रुपये काढून घराचे उरलेले १४ लाखांचे कर्ज फेडायचे, म्हणजे २०,१५० रुपयांचा मासिक हप्ता संपेल आणि घर यजमानांच्या पगारावर चालेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांनी विचारले आहे, "हा निर्णय वेडेपणाचा तर नाही ना?"

ताई, वेडेपणाचा मुळीच नाही. अशी पत्रे मला बरीच येतात आणि त्यांत बहुधा स्वप्न तपशीलवार मांडलेले असते व आकडे धूसर असतात. तुमच्या पत्रात दूध आणि गॅसपासून सासूबाईंच्या औषधांपर्यंत महिन्याचा खर्च ओळीने लिहिलेला आहे आणि त्याची बेरीज ७१,००० रुपये बरोबर येते, यावरूनच तुम्ही लेखा विभागातल्या आहात हे कळते. नोकरी सोडण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो ज्या पैशावर आणि ज्या तारखेला ती सोडण्याचे तुम्ही योजले आहे, त्याला.

आधी भविष्यनिर्वाह निधीचे पाहू. नोकरी सुटली की सगळी रक्कम लगेच हातात येईल, असे तुम्ही धरले आहे. निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येते आणि उरलेल्या २५ टक्क्यांसाठी बारा महिने थांबावे लागते. पूर्वी ही मुदत दोन महिन्यांची होती. तुमच्या १६ लाख ४० हजारांचे ७५ टक्के म्हणजे १२ लाख ३० हजार. कर्ज आहे १४ लाखांचे. म्हणजे सगळा निधी रिकामा करूनही पहिल्या वर्षी कर्ज पुरते फिटत नाही आणि हप्ता, लहान झाला तरी, चालूच राहतो.

समजा, ही अडचण नसती, तरीही मी तुम्हाला हा मार्ग सुचवला नसता. मात्र त्यामागचे कारण व्याजदर हे नाही. तुमचे कर्ज ८.५ टक्क्यांचे आहे आणि निधीवर २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. १४ लाखांवर पाव टक्क्याचा फरक म्हणजे वर्षाला साडेतीन हजार रुपये, आणि एवढ्यासाठी आयुष्याचा निर्णय इकडचा तिकडे करण्यात अर्थ नाही. नोकरी सोडल्यानंतर निधीवर मिळणारे व्याज करपात्र ठरते हे खरे, पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नसल्याने तुमच्या बाबतीत त्याचाही फारसा फरक पडणार नाही. खरा प्रश्न पैसा वेळेला हाताशी असण्याचा आहे. कर्जात भरलेला पैसा भिंतींत जातो. उद्या सासूबाईंना रुग्णालयात न्यावे लागले, तर त्या भिंतीची एक वीट काढून बिलाच्या खिडकीवर ठेवता येत नाही. आणि नियमित पगार नसलेल्या व्यक्तीला बँक त्याच घरावर पुन्हा कर्ज देताना दहा कागद मागते. म्हणून निधी जिथे आहे तिथेच राहू द्या. तुम्ही ५८ वर्षांच्या होईपर्यंत त्यावर व्याज मिळत राहील. निवृत्तिवेतन योजनेतील तुमची सेवा दहा वर्षांहून जास्त झालेली असल्याने तो भाग तसाही काढता येणार नाही. त्याचे योजना-प्रमाणपत्र, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी झालेल्या सेवेची नोंद असलेला कागद, मागून घ्या आणि घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.

आता तारखेकडे येतो. तुम्ही १ डिसेंबरला रुजू झाला होता, म्हणजे मार्चअखेरीस सेवेची १७ वर्षे आणि ४ महिने होतील. उपदानाच्या, म्हणजेच ग्रॅच्युइटीच्या हिशेबात सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो आणि त्याहून कमी असेल तर सोडून दिला जातो. तुमचे मूळ वेतन ३१,००० रुपये. त्याला १५ ने गुणून २६ ने भागले की वर्षाला सुमारे १७,८८५ रुपये येतात. मार्चमध्ये बाहेर पडलात तर १७ वर्षांचे ३ लाख ४ हजार मिळतील. जून उजाडू दिला तर १८ वर्षांचे सुमारे ३ लाख २२ हजार. इतरांच्या उपदानाची कोष्टके भरताना तुम्ही हा नियम कितीदा वापरला असेल, पण स्वतःच्या वेळी तो नजरेतून सुटला, आणि हे मी अनेक लेखापालांच्या बाबतीत पाहिले आहे.

जूनपर्यंत थांबण्याचे याहून मोठे कारण मुलगी आहे. बारावीचा निकाल, सामाईक प्रवेश परीक्षा आणि प्रवेशाच्या फेऱ्या हे सगळे त्याच सुमारास येते. महाविद्यालय बाहेरगावचे निघाले आणि शैक्षणिक कर्ज घ्यायची वेळ आली, तर बँक सहकर्जदाराच्या पगाराच्या पावत्या मागेल, आणि तुमच्या घरात मोठी पावती तुमची आहे. ज्या कामासाठी पगाराची पावती लागते ते प्रत्येक काम ती हातात असतानाच उरकावे, मग ते कर्ज असो वा क्रेडिट कार्ड.

आरोग्य विम्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. आज तुम्ही चौघेही कंपनीच्या सामूहिक विम्यात आहात, आणि नोकरी सुटताच तो संपेल. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि सासूबाईंना मधुमेह असल्याचे तुम्हीच लिहिले आहे. त्यामुळे सामूहिक विमा ज्या कंपनीचा आहे तिच्याचकडे, राजीनामा देण्यापूर्वी, वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याविषयी लेखी विचारणा करा, म्हणजे आजवरच्या विम्याच्या वर्षांचा लाभ पुढे मिळू शकेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढाच दिलासा. तुमच्या खर्चात मी यासाठी महिना ५,००० रुपये धरतो. सासूबाईंचे वय पाहता ते कमी पडण्याची शक्यता अधिक आहे.

अनुवादाच्या कामातून अकरा महिन्यांत ९६,००० रुपये मिळाले, म्हणजे महिन्याला सुमारे ८,७००. पूर्णवेळ केल्यावर हे तिप्पट, म्हणजे २६,००० होईल, असा तुमचा अंदाज आहे. तास तिप्पट होतील हे मला मान्य आहे. काम तिप्पट येईलच याची खात्री मात्र मला वाटत नाही. तुमच्याच तक्त्यानुसार ९६ हजारांपैकी ७० हजार एकाच प्रकाशन संस्थेकडून आले आहेत, आणि त्यातले शेवटचे बिल काम पोहोचवल्यानंतर ८४ दिवसांनी चुकते झाले. मी बँकेतली नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिल्या वर्षी एका मोठ्या ग्राहकाने चार महिने पैसे थकवले होते आणि त्या काळात घरचे वीजबिल मी पत्नीच्या पगारातून भरले. "काम भरपूर आहे" आणि "खात्यात पैसे आहेत" ही दोन निरनिराळी वाक्ये असतात, हे मी तेव्हा शिकलो. म्हणून सुरुवातीच्या काळासाठी मी महिना १५,००० रुपयेच धरतो. मोबदल्यातून दहा टक्के करकपात झालेली असेल तर विवरणपत्र भरून ती परत मिळवायला विसरू नका.

आता बेरीज-वजाबाकी. उपदानाचे ३ लाख २० हजार गृहकर्जात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. मात्र बँक अशा वेळी सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. तुम्ही लेखी अर्ज देऊन मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागा. १० लाख ८० हजारांवर उरलेल्या आठ वर्षांचा हप्ता सुमारे १५,५०० रुपये होतो, म्हणजे महिन्याला साधारण ४,६०० रुपये सुटतात. ७१,००० मधून ते वजा केले आणि विम्याचे ५,००० मिळवले की खर्च ७१,४०० रुपये. यजमानांचे ३४,००० आणि अनुवादाचे १५,००० धरले, तर दरमहा २२,४०० रुपयांची तूट राहते. तुमच्याकडे मुदत ठेवीत ४ लाख आणि म्युच्युअल फंडात साडेतीन लाख आहेत. त्यातले ३ लाख रुग्णालयासाठी म्हणून बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. उरलेल्या साडेचार लाखांत ही तूट वीस महिने भरून निघते. अनुवाद तुमच्या अंदाजाप्रमाणे २६,००० वर पोहोचला, तर तेच पैसे तीन वर्षांहून अधिक पुरतात. मार्चऐवजी जूनमध्ये निघाल्याने तीन पगार जास्त मिळतील. सध्याच्या २१,००० रुपयांच्या मासिक शिलकीतून त्या काळात जे जमेल ते प्रवेशाच्या खर्चासाठी ठेवा. फंडातील जी रक्कम पहिल्या वर्षभरात लागणार आहे, ती आताच मुदत ठेवीत वळवा, कारण बाजार पडलेला असताना घरखर्चासाठी युनिटे विकण्याची पाळी येऊ नये.

वीस महिने हा काळ भरपूर वाटतो, पण तो संपतो. त्यामुळे बाराव्या महिन्याला थांबून पाहायचे, असे यजमानांबरोबर बसून आजच ठरवा: तोवर अनुवादाची सरासरी २०,००० च्या खाली असेल, तर दुसरे उत्पन्न शोधायचे. ते कोणते, याचे उत्तर तुमच्या पत्रात आहे, फक्त तुम्हाला ते दिसलेले नाही. लेखा विभागाचा तुम्हाला इतका कंटाळा आला आहे की मिळकतीच्या यादीत त्याचा उल्लेखच नाही. जीएसटीची विवरणपत्रे, टॅली (हिशेबाची संगणक प्रणाली) आणि देणी-घेणी सांभाळणारे अनुभवी माणूस आठवड्यातून दोन दिवस मिळावे, अशी गरज असलेले छोटे कारखानदार सातपूर-अंबडच्या पट्ट्यात बरेच आहेत. त्यातून दहा-बारा हजार रुपये आले, तर तुमची तूट निम्म्याने कमी होते आणि आठवड्याचे पाच दिवस लेखनाला उरतात. पूर्णवेळ या शब्दाचा हट्ट थोडा सैल केला, तर हा सगळा बेत कितीतरी भक्कम होईल.

संकेतस्थळाविषयी तुम्ही वेगळे विचारले आहे. गेल्या वर्षी जाहिरातींचे ९,४०० आणि वाचकांनी स्वेच्छेने पाठवलेले ६,००० असे १५,४०० रुपये आले. खर्च ७,८०० झाला. जाहिरातींचे पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यात येत नाहीत आणि वर्षभरात ती मर्यादा एकदाच ओलांडली गेली, ही एक गोष्टच पुरेशी बोलकी आहे. एका संस्थेने ८५,००० रुपये घेऊन संकेतस्थळ नव्याने बांधून देण्याचे आणि वर्षभरात "नियमित उत्पन्न" सुरू करून देण्याचे सांगितले आहे. वर्षाला शिल्लक राहते ७,६०० रुपये. त्या हिशेबाने ही रक्कम वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील. नकार कळवा. हे संकेतस्थळ आज स्वतःचा खर्च भागवून दोन पैसे शिल्लक टाकते, तेवढीच अपेक्षा त्याच्याकडून ठेवा. घर चालवण्याचे ओझे त्याच्यावर टाकले, तर काय लिहायचे हे जाहिराती ठरवू लागतील. मी तुमच्या काही नोंदी वाचल्या. कॅन्टीनमागच्या नळावर डबे धुण्यासाठी लागणारी रांग आणि शेवटच्या बाईला नेहमी कोमट पाणी मिळणे, ही नोंद तर मी पत्नीलाही वाचून दाखवली.

एका बाबतीत मात्र उशीर करू नका. संकेतस्थळाचे नाव भाच्याने त्याच्या ई-मेलवरून नोंदवलेले आहे आणि तो आता बंगळूरला असतो, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. नोंदणी ज्याच्या खात्यात, ताबा त्याचा; नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते. ती त्याच्या नजरेतून निसटली, तर आठ वर्षांच्या लेखनाचा पत्ता दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ शकतो. या रविवारी त्याला फोन करून नोंदणी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर करून घ्या, आणि सगळ्या नोंदींची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.

तुमच्या नियुक्तिपत्रात दोन महिन्यांची पूर्वसूचना आहे. शेवटचा दिवस ३० जून ठरवायचा असेल, तर राजीनामा एप्रिलच्या ३० तारखेला द्यावा लागेल. तो देण्याआधी विमा कंपनीचे लेखी उत्तर तुमच्या हातात असू द्या. ते आले नसेल, तर राजीनाम्याची तारीख पुढे ढकला.