पहिलं महायुद्ध समजायला सातशे पानांचं पुस्तक वाचायलाच हवं का? व्हिडिओ बघून भागत नाही का?

नाही भागत. वाचा.

व्हिडिओत सारायेव्होची गोळी असते, फ्रान्सच्या चिखलातले खंदक असतात आणि शेवटी व्हर्सायचा तह. अर्ध्या तासात युद्ध आटपतं. आमच्या घरात मात्र ते शंभर वर्षं चाललं, म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. माझे पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. आज्जीच्या ट्रंकेत त्यांचं चांदीचं पदक होतं, एका बाजूला राजाचं तोंड, दुसरीकडे घोडेस्वार. कडेवरची अक्षरं झिजलेली. खडूची पूड चोळली तेव्हा कुठं नंबर, नाव आणि पलटण लागली. घरात त्यांचा विषय कुणी काढत नसे. मी दहावीत असताना बांधावरून भांडण झालं आणि भावकीतले तात्या चारचौघांत बाबांना म्हणाले, "तुझा आज्जा तुर्काम्होरं हात वर करून आला. घोडं खाऊन आला. तू मला बांध शिकवू नकोस." तात्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले, ओसरीवर हार घातलेला त्यांचा फोटो. बाबा काही न बोलता घरी आले. त्या रात्री जेवले नाहीत.

पुढं बेळगावात नोकरी लागली आणि मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती आलं. खानापूर-बेळगाव गाडीत जाता-येता आठ-दहा पानं, मांडीवर डिक्शनरी. दोन पावसाळे गेले.

त्यात काय सापडलं ते सांगतो. १९१५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला अडली, तिथून मागं फिरून टायग्रिसच्या वळणातल्या कूट गावात आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी तिला वेढलं. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची वेढ्यातल्या माणसांपेक्षा जास्त हानी झाली, कारण नदीत पुरेशा बोटी नव्हत्या, रेल्वे नव्हती, जखमींना न्यायची धड सोय नव्हती. हे सगळं पुढं चौकशीत बाहेर आलं आणि १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

आणि घोडा. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचं मांस आधीच खायला सुरुवात केली होती. आपले बहुतेक शिपाई कित्येक आठवडे नकोच म्हणत राहिले. जवाच्या पिठावर राहिले, हिरड्या सुजल्या, पाय लटपटायला लागले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. एप्रिल उजाडल्यावर, पीठ मूठभर उरलं तेव्हा कुठं बऱ्याच जणांनी तोंडाला लावलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. ती जनरलनं पत्करली, शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळांना रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं, हजारो परत आलेच नाहीत.

हे वाचताना देसूर स्टेशन कधी गेलं मला कळलं नाही. आज्जी सांगायची, मामंजींनी पानात भाकरीचा तुकडा कधी टाकला नाही, सांडलेला भाताचा दाणासुद्धा वेचून खायचे. आम्हाला तो कंजूषपणा वाटायचा.

तर तुमच्या प्रश्नाकडं. लांबलचक पुस्तक पहिल्या पानापासून धरू नका. शेवटची सूची उघडा, आपल्या गावच्या, घरच्या माणसाची पलटण शोधा आणि तिथून मागंपुढं वाचत जा. शेजारी नकाशा ठेवा. बोटी, पीठ, औषधं, रस्ते यांची कंटाळवाणी वाटणारी प्रकरणं गाळू नका, लढाई तिथंच जिंकली किंवा हरली जाते. ज्यांना फक्त तोफा बघायच्या आहेत त्यांनी खुशाल व्हिडिओ बघावेत, पण मग कुणाला भित्रा म्हणू नये.

एक सांगायचं राहिलं. ही पुस्तकं बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डायऱ्या आणि अहवालांवर उभी आहेत, शिपायाचा आवाज त्यांत फार थोडा. माझ्या पणजोबांचं नाव कुठंच नाही. पदकावरून पलटण कळते, कूटच्या आत ते होते हे घरच्या आणि भावकीच्या बोलण्यावरूनच. परीक्षेसाठी वाचत असाल तर छोटं पुस्तक पुरे.

इटलीत लढलेल्यांबद्दल मला आदरच आहे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथंच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघंही याच मराठा रेजिमेंटचे. तात्या आता नाहीत, बाबाही नाहीत. तात्यांच्या नातवंडांपैकी कुणी हे वाचत असेल तर घरी या. कूटच्या प्रकरणात मी खूण घालून ठेवली आहे, शेजारी बसून वाचू.