टाइमआउट झाला म्हणजे काम झाले नाही का?

प्रश्न : माझा पायथॉनमधील प्रोग्रॅम ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी वापरून एका वेब एपीआयकडे (दुसऱ्या सर्व्हरशी प्रोग्रॅममधून बोलण्याच्या सोयीकडे) पोस्ट पद्धतीने नोंदी पाठवतो. तो अधूनमधून कोणतीही एरर न दाखवता अडकून राहत असे. म्हणून मी टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची कालमर्यादा, घातला आणि तो झाल्यास विनंती पुन्हा पाठवण्याची सोय केली. आता काही नोंदी दुबार होत आहेत. टाइमआउट वाढवावा का?

उत्तर : टाइमआउट घातलात हे योग्यच झाले, कारण ही लायब्ररी स्वतःहून कोणतीही कालमर्यादा लावत नाही. तो वाढवल्याने दुबार नोंदी कमी होतील, पण थांबणार नाहीत. मुदतीत उत्तर मिळाले नाही, एवढेच टाइमआउटवरून कळते. सर्व्हरने नोंद करून ठेवलेली असेल आणि उत्तर तेवढे वाटेत हरवले असेल, ही शक्यता उरतेच.

यासाठी दोन टाइमआउट वेगळे ओळखावेत. ‘कनेक्टटाइमआउट’ आला, तर जोडणीच झालेली नसल्याने विनंती निर्धास्तपणे पुन्हा पाठवता येते. ‘रीडटाइमआउट’ आला, म्हणजे जोडणी होऊनही उत्तर वेळेत आले नाही, तर विनंती बहुधा पोहोचलेली असते आणि खरा धोका तिथेच आहे. एचटीटीपी या वेबवरील संवादाच्या नियमांनुसार गेट (माहिती मागणे), पुट (दिलेल्या जागी माहिती ठेवणे) आणि डिलीट (काढून टाकणे) या विनंत्या पुन्हा केल्या तरी अपेक्षित परिणाम एकदा केल्यासारखाच राहतो. पोस्टबाबत अशी हमी नाही.

म्हणून एपीआयच्या माहितीपत्रकात ‘आयडेम्पोटन्सी की’ची, म्हणजे दुबार विनंती ओळखण्याच्या खुणेची, सोय आहे का, ते आधी पाहावे. ती असल्यास प्रत्येक नोंदीसाठी एक स्वतंत्र ओळखक्रमांक तयार करून हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या जादा माहितीत) पाठवावा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आल्यावर सर्व्हर नवी नोंद करत नाही. हा क्रमांक पुनःप्रयत्नाच्या लूपबाहेर तयार करणे अत्यावश्यक आहे. लूपच्या आत केल्यास दर वेळी नवा क्रमांक जाईल आणि सगळा खटाटोप व्यर्थ ठरेल. अशी सोय नसल्यास नोंदीत स्वतःचा संदर्भ क्रमांक ठेवावा आणि पुन्हा पाठवण्यापूर्वी तो तिथे पोहोचला आहे का, हे गेट विनंतीने तपासावे.

सर्व्हरच्या उत्तरात स्टेटस कोड ४०० (विनंतीत चूक) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) आला तरी ही लायब्ररी आपणहून एरर देत नाही. त्यासाठी ‘रेज फॉर स्टेटस’ हे फंक्शन वापरावे लागते. ४०० आल्यास तीच विनंती जशीच्या तशी पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आल्यास मात्र ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये सांगितलेला वेळ थांबावे आणि तो हेडर नसल्यास प्रत्येक प्रयत्नानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करत जावा.