चौदा हजारांचा ट्रेलर आणि सहाशेचा हप्ता

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मिशिगनमध्ये राहतो. वय ३८, एच-१बी व्हिसा (नोकरीशी बांधलेला), पगार वर्षाला १,२०,००० डॉलर. पत्नी घरी असते, मुलगी सहा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात हौसेने १९६१ चा शास्ता एअरफ्लाइट, म्हणजे गाडीमागे ओढायचा कॅम्पिंगचा ट्रेलर, ६,५०० डॉलरना घेतला. मागच्या कोपऱ्यात लाकूड कुजलंय, स्क्रूड्रायव्हर भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. दुरुस्तीवाल्याने १४,००० सांगितलेत. बचत ४,००० आहे. पैसे ४०१ (के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, कर्जाऊ घ्यावेत, की विमा पॉलिसीवर? पॉलिसी मंडळातल्या एका दादांकडून घेतली आहे आणि ते म्हणतात, 'स्वतःच्याच बँकेतून काढ.' पॉलिसीत महिना ६०० भरतो, चार वर्षं झाली. त्यासाठी ४०१ (के) मधला भरणा पगाराच्या सहा टक्क्यांवरून दोनवर आणलाय. ट्रेलर भाड्याने दिला की वर्षाला साडेनऊ हजार सुटतील."

दोन्हीकडून काढू नका. आधी ट्रेलरचं बघू, कारण ते सोपं आहे.

त्या काळच्या ट्रेलरमध्ये बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लायवूड आणि मधे बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. कोपऱ्यावरच्या मोल्डिंगचे (पत्र्याचा सांधा झाकणाऱ्या पट्टीचे) स्क्रू, खिडकीची वरची कड, छतावरचा व्हेंट, मागचे छोटे दिवे, यांच्याखालचं पुट्टीसारखं सील वाळून तडकतं आणि पाणी आत शिरतं. ते पट्ट्यांवरून ओघळत खालच्या कोपऱ्यात जाऊन साठतं. म्हणजे तुम्हाला कूज दिसली ती पाण्याच्या मुक्कामाची जागा. पाणी बहुधा छताकडून येतंय. वरची गळती न बुजवता कोपरा नवा केला तर तो कोपरा पुन्हा कुजेल. कुजलेल्या पट्टीवर इपॉक्सी ओतणं ही दुरुस्ती नव्हे. पत्रा उतरवायचा, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापत जायचं आणि नवी पट्टी जोडायची. मजुरी जाते ती यातच.

तुम्ही जोडलेलं कोटेशन वाचलं. ११० तास, ताशी १००, म्हणजे ११,००० मजुरी. लाकूड, प्लाय, ब्यूटिल टेप (सांधे बुजवायची चिकट पट्टी) वगैरे ३,०००. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंय, 'उघडल्यावर जास्त निघाल्यास वेगळा आकार.' जास्त निघतंच. अठरा हजार धरा. त्यात खरेदीचे साडेसहा मिळवले की झाले साधारण २५,०००, आणि टायर, ब्रेक, अ‍ॅक्सल यांना अजून कोणी हातही लावलेला नाही. तुम्ही जाहिरातीत असाच ट्रेलर २५,००० ला पाहिलात. तो आकडा मागणाऱ्याचा आहे, देणाऱ्याचा नाही.

भाड्याचं तर विसराच. १२० डॉलर रात्रीचे गुणिले ८० रात्री, असं तुमचं गणित. मिशिगनमध्ये कॅम्पिंगचा खरा हंगाम मे-अखेर ते सप्टेंबरची सुरुवात, म्हणजे पंधरा वीकेंड, तीस रात्री. ३,६०० झाले. त्यातून कमिशन, साफसफाई आणि वेगळा विमा जाणार, कारण खासगी वापराचा विमा भाड्याच्या ट्रेलरला सहसा चालत नाही. आणि एच-१बीवर तुम्हाला फक्त तुमच्या कंपनीचं काम करायची परवानगी आहे. स्वतः गिऱ्हाईक सांभाळून भाड्याचा धंदा चालवणं त्यात बसतं का, हे इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एकही रात्र भाड्याने देऊ नका. तीन हजारांसाठी व्हिसा पणाला लावायचा नसतो.

आता पॉलिसी. तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. पण मला या पत्रात काळजी वाटली ती तिचीच.

तुमची पॉलिसी इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ आहे, म्हणजे आयुर्विमा आणि शेअर बाजाराच्या निर्देशांकाला बांधलेली बचत एकत्र. चार वर्षांत भरले २८,८००. आज मोडली तर हातात ११,०००. विम्याची रक्कम चार लाख. बायको, सहा वर्षांची मुलगी आणि घराचं कर्ज असताना चार लाख म्हणजे तुमचा सव्वातीन वर्षांचा पगार. विमा म्हणून ही पॉलिसी तोकडी आणि गुंतवणूक म्हणून महाग आहे. विकणाऱ्याचं मात्र बरं चाललंय: अशा पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा हिस्सा कमिशनमध्ये जातो. दादा गणपतीच्या आरतीला तुमच्या शेजारी उभे असतात म्हणून हिशोब बदलत नाही.

'खात्रीचे सात टक्के, शून्याखाली कधीच नाही,' असं तुम्हाला सांगितलं. खात्रीचे सात टक्के कागदावर कुठेही नाहीत. ते इलस्ट्रेशन आहे, म्हणजे 'असं झालं तर'. परतावा एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाच्या चढउताराला बांधलेला आहे, पण त्यात डिव्हिडंड धरत नाहीत आणि वर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा आहे, तुमच्या पॉलिसीत ९ टक्क्यांची. बाजार २० टक्के चढला तरी तुम्हाला ९. बाजार पडला तर व्याज शून्य, हे खरं; पण विम्याचा खर्च आणि बाकीचे चार्जेस त्या वर्षीही कापले जातात, म्हणजे शिल्लक खाली येतेच. वय वाढेल तसा विम्याचा खर्चही वाढतो.

आणि ही 'स्वतःची बँक' तुम्हाला १४,००० देणार कुठून? मोडून ११,००० मिळतात, कर्ज त्याहून कमीच मिळेल. त्यावर व्याज चढेल. कर्ज आणि चार्जेस मिळून शिल्लक संपली की पॉलिसी लॅप्स, म्हणजे विमाही गेला.

आता ४०१ (के). तुमची कंपनी पहिल्या सहा टक्क्यांवर निम्मी भर घालते. सहा टक्के म्हणजे ७,२००, कंपनीचे ३,६००. तुम्ही दोन टक्क्यांवर आलात आणि कंपनीचे १,२०० झाले. दरवर्षी २,४०० डॉलर पगाराचेच होते, ते तुम्ही उचलले नाहीत. चार वर्षांत दहा हजार. पॉलिसीतले बुडालेले अठरा हजार, त्यातून चार वर्षांचा साधा विमा वजा करून पंधरा धरू. एकूण पंचवीस हजार. आणि तुम्ही मला चौदा हजारांच्या दुरुस्तीबद्दल विचारताय!

त्यात ४०१ (के) वर कर्ज नकोच. नियमाने मिळेल, निम्म्या शिल्लकीपर्यंत. पण नोकरी गेली तर त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत उरलेलं कर्ज भरावं लागतं. नाही भरलं तर ती रक्कम उत्पन्नात धरून कर आणि वर १० टक्के दंड. एच-१बीवर नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस. नवी नोकरी शोधायची, की कर्ज फेडायचं, की सामान बांधायचं? तुमचा महिन्याचा खर्च ५,५०० आणि बचत ४,०००. हे साठ दिवससुद्धा तुम्ही काढू शकत नाही.

आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक वर्षांचा निव्वळ विमा घ्या, दहा लाख डॉलर, वीस वर्षं. तब्येत चांगली असेल तर महिना साठच्या आसपास बसेल. मेडिकल होऊन ती पॉलिसी चालू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनी मोडू नका. तोवर विमा कंपनीकडून, दादांकडून नव्हे, इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीचा पुढच्या वर्षांचा अंदाज) आणि सरेंडर चार्जचा (मोडल्यावर कापल्या जाणाऱ्या रकमेचा) वर्षवार तक्ता मागवा. पुढच्या वर्षी ७,२०० भरून सरेंडर व्हॅल्यू (मोडल्यावर हातात येणारी रक्कम) ७,२०० पेक्षा बरीच जास्त वाढत असेल तर मला कळवा, मोडायची तारीख पुढे ढकलता येईल. नसेल तर मोडा. झालेला तोटा करातून वजा मिळत नाही, तेही गिळावं लागेल. आलेले ११,००० आणि तुमचे ४,००० बचत खात्यात वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. ट्रेलरसाठी तर नाहीच.

सुटलेल्या ६०० पैकी ६० टर्मला, ४०० ४०१ (के) परत सहा टक्क्यांवर न्यायला. उरले १४०. ट्रेलरचं बजेट एवढंच.

आणि एवढ्यात जमेल. तुम्हाला सुतारकामाची आवड आहे, गॅरेजमध्ये करवतही आहे, असं तुम्हीच लिहिलंत. ११,००० ची मजुरी स्वतः केली तर उरतं ३,००० चं सामान. महिना १४० ने दोन हिवाळ्यांत होतं. आत्ता फक्त गळती थांबवा: मोल्डिंग काढून जुनी पुट्टी खरवडा, खाली नवी ब्यूटिल टेप घाला, स्क्रू नवे बसवा. सिलिकॉन फासू नका, त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. फोटोत दिसणारी निळी ताडपत्री आधी काढा. तिच्याखाली ओल कोंडते, आणि लाकडात वीस टक्क्यांवर ओल राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. ट्रेलर छपराखाली उभा करून वाळू द्या. पत्रा उघडल्यावर सांगाडा निम्म्याहून जास्त गेलेला निघाला तर आहे तसा विकून मोकळे व्हा. दोन-तीन हजार आले तरी चालतील.

सरेंडरचा अर्ज गेला की दादांचा फोन येईल, 'घरी येऊन समजावतो' म्हणतील. त्यांना सांगा, जे काय असेल ते ईमेलने लेखी पाठवा.