जांभळं पुस्तक उघडेना

प्रश्न : भरतकामाच्या नक्ष्या आखायचं माझं जुनं सॉफ्टवेअर विंडोज १० वर छान चालतं. पण त्यात ‘हेल्प’ दाबलं की ब्राउझर उघडतो आणि मायक्रोसॉफ्टचं पान येतं. टाक्यांची सगळी माहिती त्या .एचएलपी फाइलमध्ये आहे. ती वाचायची कशी?

उत्तर : फाइल शाबूत आहे, तिला वाचणारा गेलाय. ही फाइल उघडणारा विनहेल्प३२ हा प्रोग्राम (winhlp32.exe) व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजसोबत येईनासा झाला. त्या नावाची फाइल तुमच्या विंडोज फोल्डरमध्ये दिसेल, पण ते नुसतं बुजगावणं. व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ साठी मायक्रोसॉफ्टने खरा प्रोग्राम वेगळा दिला होता. १० साठी दिला नाही.

व्हिस्टाच्या आधीच्या विंडोज एक्सपीतला विनहेल्प३२ आणून बुजगावण्याच्या जागी बसवा, असं कुणीतरी सांगेलच. मीही केलंय ते. आधी फाइलची मालकी स्वतःकडे घ्या, मग परवानग्या बदला, आणि मोठं अपडेट आलं की बुजगावणं पुन्हा जागेवर! शिवाय या फाइलींमधल्या मॅक्रोंतून, म्हणजे आत लिहून ठेवलेल्या आज्ञांतून, दुसरे प्रोग्राम सुरू करता येतात, त्यामुळे परक्याकडून आलेली एचएलपी मी उघडतच नाही.

जुनी एक्सपी हाताशी असेल तर ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात), इंटरनेट तोडून, चालवा. फाइल तिकडे नेताना त्याच नावाची .सीएनटी फाइलही न्या. अनुक्रमणिका तिच्यात असते. मी एकदा ती मागे ठेवली आणि अनुक्रमणिकेत प्रकरणांपुढे दिसणाऱ्या जांभळ्या पुस्तकांची यादी कुठे गेली, हे शोधण्यात संध्याकाळ घालवली. लिनक्सवर असाल तर विंडोजचे प्रोग्राम तिथे चालवणाऱ्या वाइनमध्ये स्वतःचा विनहेल्प३२ आहे.

तुम्हाला मात्र माहिती रोज लागणार, तेव्हा ती एकदाच बाहेर काढून ठेवा. एचएलपी मुळात आरटीएफपासूनच, म्हणजे वर्डसारख्या प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या मजकुराच्या फाइलीपासून, बनते. हेल्पडेको हे छोटं साधन ती उलट उसवून मजकूर आणि चित्रं हातात देतं. मजकुरात #, $ आणि K अशा खुणांच्या तळटीपा दिसतील. घाबरू नका, ती प्रकरणांची ओळख, शीर्षकं आणि शोधशब्द आहेत. नको असतील तर पुसा आणि पीडीएफ करा.

आणखी कुठे .सीएचएम, म्हणजे एचएलपीनंतर आलेली हेल्प फाइल, सापडली तर ती विंडोज १० वर अजून उघडते. उजवीकडचं पान कोरं आलं, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा. तरीही कोरंच राहिलं तर फोल्डरच्या नावात # आहे का बघा.