सल्लागार परिषदेच्या शिफारशीला वजन कुठून येतं?

तुम्ही विचारलंत, सल्लागार परिषदेच्या हातात ना सही, ना तिजोरी. मग देशाचं धोरण तिच्या सांगण्यावरून कसं बदलतं, आणि आपल्या लांजा-राजापुरापर्यंत त्यातलं काय पोचतं?

पोचतं ते आधी सांगतो. आमच्या घरामागच्या कातळावर काजूची बाग आहे. १९९० पासून महाराष्ट्राने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, त्यातली. सुरुंग लावून खड्डे फोडले, खालच्या मळ्यातून घमेल्यांनी माती वर चढवली. संध्याकाळी हजेरीपटावर अंगठे लागायचे. आईचाही लागायचा.

ही हमी मूळची आपल्या राज्याची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती फोफावली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशभर जायला मात्र जवळजवळ तीन दशकं गेली, आणि तिथे सल्लागार परिषद उपयोगी पडली. जून २००४ मध्ये केंद्र सरकारला सल्ला द्यायला सोनिया गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सल्लागार परिषद नेमली गेली. अरुणा रॉय, ज्याँ द्रेझ अशी चळवळीत मुरलेली माणसं तिच्यात होती. त्यांनी ‘गरिबांना काम द्यावं’ एवढंच लिहून पाठवलं नाही, कलमांसकट विधेयकाचा मसुदा करून दिला. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. शिफारस फायलीत पडून राहू शकते. तयार मसुदा समोर असला की कुठलं कलम गाळलं ते उघड दिसतं.

आणि कलमं गाळली गेलीच. डिसेंबर २००४ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात हमी फक्त गरीब कुटुंबांपुरती उरली होती. गरीब कोण, हे दारिद्र्यरेषेची यादी ठरवणार, आणि त्या यादीतून खरी गरजू घरं कशी सुटतात हे आपण प्रत्येक वाडीत पाहिलंय. मग ओरड झाली, विधेयक कल्याणसिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीकडे गेलं, आणि ऑगस्ट २००५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात मागेल त्या ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम आलं. माहिती अधिकाराचंही तेच. आधीच्या विधेयकात फक्त केंद्राची कार्यालयं होती, म्हणजे आपला तलाठी आणि तहसील बाहेरच. १२ ऑक्टोबर २००५ पासून तीही आत आली.

आता उलटं उदाहरण, तेही आपल्याच दारातलं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या, केंद्राने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा विचार तिच्याकडे खास सोपवलेला होता. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते. अहवाल मात्र दाबून ठेवला गेला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, केंद्राचं पर्यावरण मंत्रालय उच्च न्यायालयात हरलं, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. एका परिषदेच्या मसुद्यातून आलेल्या कायद्याने दुसऱ्या समितीचा अहवाल बाहेर काढला, याचं मला आजही फार मोल वाटतं. पुढे त्या अहवालाचा फेरविचार करणाऱ्या कस्तुरीरंगन गटाने हे संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं आणि २०१४ पासून त्याच्या अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघत राहिले.

प्रत्येक मसुद्यावर हरकती-सूचनांना ६० दिवस मिळतात. आमच्या ग्रामसभेत त्या क्षेत्रातल्या गावांची यादी आली ती इंग्रजीत. आपलं गाव त्यात आहे की शेजारचं, यावरच अर्धा तास गेला. म्हणून सांगतो, तुमच्या शिक्षक मंडळींनी पहिल्याच आठवड्यात गावांची नावं मराठीत उतरवून चावडीवर लावावीत. हरकत लिहिताना नुसता ‘विरोध’ किंवा ‘पाठिंबा’ नको. कुठलं कलम, कुठला सर्व्हे नंबर, तिथे आज काय आहे, पऱ्या (ओढा), देवराई की काजू, आणि त्या कलमाऐवजी कोणती शब्दरचना हवी, तेही लिहा. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.