दहावी, कबड्डी आणि अर्धी चिक्की

जून उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, यंदा दहावी आहे. खेळ बंद करू ना?" त्यातलं 'ना' महत्त्वाचं. निर्णय घरी झालेला असतो, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो.

लालबागहून आलेल्या एका जोडप्याला मात्र शिक्के वेगवेगळे हवे होते. पहिली घटक चाचणी झाली होती, गणितात २० पैकी ६. आईला कबड्डी बंद व्हायला हवी होती. वडील स्वतः मंडळाकडून खेळलेले, उजवा गुडघा पावसाळ्यात अजून त्याची आठवण देतो म्हणाले. "ठरावीक पातळीपर्यंत खेळलं की दहावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा. बंद कशाला करायचं?"

"आणि या सहाचं काय करायचं?" आई.

मुलगा मधल्या खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होता. नाव अर्थातच सांगत नाही. तक्रारी नेहमीच्याच होत्या: पुस्तक उघडलं की डुलक्या, चिडचिड, वाचलेलं लक्षात राहत नाही. आईचं निदान तयार होतं, पोरगं सरावाने दमतं.

मीही तेच धरून चालले. चूक माझी. सराव रोज दोन तासांऐवजी एक तास आणि आठवड्यातून चारच दिवस, असं छान वेळापत्रक आखून दिलं. रंगीत पेनांनी. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा सराव निम्म्याहून कमी झाला होता आणि डुलक्या होत्या तेवढ्याच होत्या.

मग आईवडिलांना बाहेर बसवलं आणि अभ्यासाचा विषयच काढला नाही. चढाईबद्दल विचारलं. पोराचा चेहराच बदलला. बोनसचा गुण समोर किमान सहा जण असतील तरच मिळतो, हे मला माहीत नाही म्हटल्यावर त्याने टेबलावरचे पेन मांडून मैदान आखलं, पेपरवेटला चढाईला पाठवलं आणि ३० सेकंद तोंडाने मोजून दाखवले. बोलता बोलता मी राजगिऱ्याच्या चिक्कीचा डबा पुढे केला. त्याने एक चिक्की घेतली, नखाएवढा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेली कागदात नीट गुंडाळून डब्यात परत ठेवली.

पंधरा वर्षांचं, वर्षभरात चांगलंच उंच झालेलं पोर संध्याकाळी सहा वाजता चिक्की परत ठेवतं?

"वजन?" मी विचारलं. तो गप्प झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

किशोर गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. स्पर्धेआधी काट्यावर उभं राहावं लागतं. हा दोन किलोंनी वर गेला होता. दीड महिना रात्रीचं जेवण बंद. घरी सांगायचा, मंडळात वडापाव खाल्ला. शाळेचा डबा मित्राच्या पोटात जायचा. ऑगस्टच्या चिकचिकाटात दोन टी-शर्टवर जर्किन चढवून धावायचा, तेही पाणी न पिता. कबड्डीच्या सरांनी सांगितलं नव्हतं, मोठ्या मुलांचं बघून शिकला होता. रात्री भुकेने झोप लागायची नाही, म्हणून मोबाईल. या वयात ८ ते १० तास झोप लागते, त्याला जेमतेम पाच मिळत होती. अशा पोटी आणि अशा डोळ्यांनी वर्गसमीकरणं कोणाला सुटतील?

"घरी का नाही सांगितलंस?"

"आई खेळ बंद करेल. आणि बाबांनी सगळ्या चाळीला सांगितलंय, पोरगा यंदा फायनल खेळणार."

त्याला विचारून दोघांना आत बोलावलं. सगळं ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही पण करायचो. वजनाच्या आदल्या रात्री नुसतं लिंबू चोखून." बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

वाढत्या वयात उंचीबरोबर वजन वाढणारच, त्यात हाडं आणि स्नायू असतात, हे मी सांगितलं. पण मुलाचं वजन कमी करायचं की नाही, हे ठरवणं ना माझं काम ना सरांचं. त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. वडील सरांना भेटले. किशोर गटातून नाव काढलं आणि तो कुमार गटाबरोबर सरावाला जाऊ लागला. तिथे वजनाची मर्यादा वरची, पण पोरंही दांडगी. थेट राखीव बाकावर गेला. माझ्या खोलीत रडला त्यावरून. मी अडवलं नाही.

प्रत्येक वेळी खेळ निर्दोष असतोच असं नाही. विरारहून किटबॅग घेऊन लोकलने आझाद मैदान गाठणाऱ्या क्रिकेटवाल्या मुलाच्या प्रवासाचे तास मोजावेच लागतात, आणि काही घरांत मी सराव कमी करायला सांगितलंही आहे. पण खेळ बंद करायच्या आधी पोरगं काय खातंय, किती झोपतंय, काय लपवतंय, एवढं तरी बघा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं घाम काढणारी हालचाल हवी म्हणते. दहावीवाल्यांना त्यात सूट नाही.

दिवाळीनंतरच्या चाचणीत गणितात ११ आले. फार नाहीत. आईलाही ते फार वाटले नाहीत, आणि तिचं चूक नव्हतं. पूर्वपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "मॅडम, आता पाच पोळ्या खातो. पण आज सरावाला जायचं म्हणतोय. पाठवू का?"

"उद्या कसला पेपर आहे?"

"भूमिती."

"तासभर पाठवा. आणि आल्यावर जेवला का बघा."